कृष्णविवरांचे गणित मांडणारे चंद्रशेखर

रात्रीच्या आकाशाकडे पाहिले की तारे आपल्याला चिरंतन वाटतात. आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेली नक्षत्रेच आपण पाहतो आणि आपली नातवंडेही तीच पाहतील. परंतु ताऱ्यांनाही जन्म असतो, वाढ असते आणि अंत असतो. ज्या इंधनावर तारा तेवत असतो ते संपले की त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. या प्रश्नाच्या उत्तराकडे नेणारी एक महत्त्वाची पायरी एकोणीस वर्षांच्या एका भारतीय तरुणाने चढली. त्यासाठी त्याला उपहास सोसावा लागला. पुढे वयाची साठी ओलांडल्यावर याच शास्त्रज्ञाने ताऱ्यांच्या अंताचे सर्वांत गूढ रूप, म्हणजे कृष्णविवर, अभ्यासासाठी घेतले. त्यांचे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर.

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोर येथे झाला. कुटुंब मूळचे तमिळ; परंतु वडील सुब्रह्मण्य अय्यर सरकारी लेखा खात्यात अधिकारी असल्यामुळे नोकरीनिमित्त तेव्हा लाहोरला राहत होते. दहा भावंडांत चंद्रशेखर तिसरे आणि मुलग्यांत सर्वांत थोरले. आई सीतालक्ष्मी यांचे शाळेतले शिक्षण थोडेच झाले होते. संसार सांभाळून त्या इंग्रजी शिकल्या आणि इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराच्या 'अ डॉल्स हाउस' या नाटकाचा त्यांनी तमिळमध्ये अनुवाद केला. मुलांनी खूप शिकावे, मोठे व्हावे, ही त्यांची तळमळ होती. प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधनासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवणारे सी. व्ही. रामन हे चंद्रशेखर यांचे सख्खे काका.

वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत चंद्रशेखर शाळेत गेलेच नाहीत. आईवडिलांनी आणि खाजगी शिक्षकांनी त्यांना घरीच शिकवले. पुढे कुटुंब मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, आले. तेथील ट्रिप्लिकेनच्या हिंदू हायस्कूलमध्ये आणि नंतर प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९२८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड सॉमरफेल्ड मद्रासला आले. हा विद्यार्थी धीर करून त्यांना भेटला. आपण पुस्तकांतून शिकलो ते पदार्थविज्ञान युरोपात मागे पडले आहे, हे त्या भेटीत त्याला कळले. दुसरा एखादा विद्यार्थी निराश झाला असता. चंद्रशेखर यांनी सॉमरफेल्ड यांच्या नव्या शोधनिबंधाची मुद्रिते मागून घेतली, नव्या पुंज सिद्धान्ताचा स्वतःच अभ्यास केला आणि महाविद्यालयात असतानाच संशोधनपर निबंध लिहिले.

१९३० मध्ये पदवी मिळाली आणि इंग्लंडला जाऊन संशोधन करण्यासाठी सरकारी शिष्यवृत्तीही मिळाली. परंतु आई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना त्या अवस्थेत सोडून जावे की नाही, या विचाराने चंद्रशेखर यांचे मन कातरत होते. शेवटी आईनेच आग्रह धरला आणि मुलाला निरोप दिला. ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून त्यांचे जहाज युरोपकडे निघाले. मायलेकरांची ती शेवटची भेट ठरली. पुढच्याच वर्षी, मे १९३१ मध्ये, सीतालक्ष्मी यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा हजारो मैल दूर केंब्रिजमध्ये होता.

त्या जहाजावरच चंद्रशेखर यांच्या आयुष्यातील पहिला मोठा शोध लागला. इंधन संपले की ताऱ्याला आतून तोलून धरणारी उष्णता ओसरते आणि तारा स्वतःच्याच भाराने आकसू लागतो. सूर्याएवढे वस्तुमान असलेला तारा आकसून जवळजवळ पृथ्वीएवढा लहान होतो. अशा ताऱ्याला श्वेत बटू म्हणतात. त्यातील चमचाभर द्रव्याचे वजन काही टन भरेल. केंब्रिजचे राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्ये दाखवून दिले होते, की अशा ताऱ्यात दाटीवाटीने कोंबले गेलेले इलेक्ट्रॉन आणखी आकसण्याला विरोध करतात आणि त्यामुळे तारा स्थिरावतो. आता प्रत्येक ताऱ्याचा शेवट शांत होणार, असे सर्वांना वाटू लागले. चंद्रशेखर यांच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. इतक्या दाटीत इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतो. तेव्हा आइन्स्टाइन यांचा विशेष सापेक्षता सिद्धान्त हिशेबात घेतलाच पाहिजे. तो घेताच उत्तर बदलले. ताऱ्याचे वस्तुमान एका ठरावीक मर्यादेपलीकडे असेल तर इलेक्ट्रॉनांचा विरोध तोकडा पडतो आणि ताऱ्याचे आकसणे थांबत नाही. ही मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट आहे. आज ती चंद्रशेखर मर्यादा या नावाने ओळखली जाते.

केंब्रिजमध्ये फाउलर यांच्या मार्गदर्शनाखाली चंद्रशेखर यांनी १९३३ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि ट्रिनिटी महाविद्यालयाने त्यांना फेलो म्हणून निवडले. श्वेत बटूंचे गणित त्यांनी अधिक काटेकोरपणे पुरे केले. त्या काळी सर आर्थर एडिंग्टन यांचा शब्द खगोलशास्त्रात प्रमाण मानला जाई. १९१९ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी घेतलेल्या निरीक्षणांनी आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्ताला पुष्टी मिळवून देणारे ते हेच. ते चंद्रशेखर यांच्या खोलीवर येत, कामाची चौकशी करीत. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चंद्रशेखर यांनी आपले निष्कर्ष मांडले. ते खाली बसताच एडिंग्टन उभे राहिले आणि त्यांनी भर सभेत त्या निष्कर्षांची टर उडवली. तारा आकसतच जातो ही कल्पना त्यांना हास्यास्पद वाटत होती. निसर्ग असे होऊ देणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. सभागृहात हशा पिकला. चंद्रशेखर यांना उत्तर देण्याची संधीही मिळाली नाही.

ते तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते. गणितात चूक कोणीच दाखवली नव्हती. अनेक नामवंत भौतिकशास्त्रज्ञांनी तरुण चंद्रशेखर यांचे म्हणणे योग्य असल्याचे खाजगीत मान्य केले. परंतु एडिंग्टन यांच्याविरुद्ध उघडपणे बोलायला कोणी पुढे आले नाही. हा वाद काही वर्षे धुमसत राहिला. अखेर चंद्रशेखर यांनी स्वतःशी निर्णय घेतला. ताऱ्यांच्या रचनेविषयी आपल्याला जे सांगायचे होते ते त्यांनी एका ग्रंथात व्यवस्थित मांडले, १९३९ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि तो विषय बाजूला ठेवून ते दुसऱ्या विषयाकडे वळले. एडिंग्टन यांच्याविषयी मात्र त्यांनी कधी कटुता बाळगली नाही. दोघांचा पत्रव्यवहार चालूच राहिला.

सप्टेंबर १९३६ मध्ये मद्रासला येऊन चंद्रशेखर यांनी ललिता दोरायस्वामी यांच्याशी विवाह केला. ललिता याही प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकलेल्या होत्या. १९३७ च्या आरंभी चंद्रशेखर अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. विद्यापीठाची यर्कीस वेधशाळा शिकागोपासून सुमारे १३० किलोमीटरवर, विस्कॉन्सिन राज्यातील एका लहानशा गावी होती. पती-पत्नींनी तेथे बिऱ्हाड थाटले. चंद्रशेखर यांच्या एका वर्गात दोनच विद्यार्थी होते आणि पुढे १९५७ मध्ये त्या दोघांना, ली आणि यांग यांना, नोबेल पारितोषिक मिळाले, ही हकिकत शिकागोत अभिमानाने सांगितली जाते.

त्यांची काम करण्याची रीत वेगळी होती. एखादा विषय ते निवडत, पाच-दहा वर्षे त्याचा कसून अभ्यास करीत, शेवटी त्यावर एक परिपूर्ण ग्रंथ लिहीत आणि मग त्या विषयाचा निरोप घेऊन नव्या विषयाकडे वळत. ताऱ्यांची रचना, तारकासमूहांची गती, ताऱ्यांच्या वातावरणातून होणारा प्रकाशाचा प्रवास, तापलेल्या आणि फिरत्या द्रवांची स्थिरता अशा विषयांवरील त्यांचे ग्रंथ आजही अभ्यासले जातात. शिवाय १९५२ ते १९७१ अशी एकोणीस वर्षे त्यांनी 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल' या नियतकालिकाचे संपादन केले. एका विषयातील मानाचे स्थान सोडून दुसऱ्या विषयात पुन्हा पहिल्या इयत्तेत बसणे सोपे नसते. चंद्रशेखर यांनी ते अनेकदा केले.

पन्नाशी उलटल्यावर ते आइन्स्टाइन यांच्या सामान्य सापेक्षता सिद्धान्ताकडे वळले. या सिद्धान्तानुसार वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ यांनाच बाक येतो आणि तो बाक आपल्याला गुरुत्वाकर्षण म्हणून जाणवतो. एखादा प्रचंड तारा आकसतच गेला तर शेवटी असा प्रदेश निर्माण होतो, की ज्यातून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. हेच कृष्णविवर. ज्या शक्यतेची १९३५ मध्ये थट्टा झाली होती ती आता विज्ञानाच्या केंद्रस्थानी आली होती. १९६३ मध्ये न्यूझीलंडचे गणितज्ञ रॉय केर यांनी स्वतःभोवती फिरणाऱ्या कृष्णविवराचे वर्णन करणारे सूत्र शोधून काढले. त्या सूत्राचे वैशिष्ट्य असे, की कृष्णविवराचे वस्तुमान आणि त्याच्या फिरण्याचे प्रमाण या दोनच गोष्टी कळल्या की त्याचे पूर्ण वर्णन करता येते. या साधेपणाची चंद्रशेखर यांच्या मनावर विलक्षण मोहिनी पडली.

परंतु कृष्णविवराला धक्का बसला तर काय होते? ते मोडते, की सावरते? देवळातील घंटेवर टोल दिला की ती घुमते आणि तो नाद हळूहळू विरत जातो. घंटा लहान की मोठी, जड की हलकी, हे तिच्या नादावरून कळते. कृष्णविवराचेही असेच आहे. त्यात काही पडले किंवा दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, की त्याभोवतीचे अवकाश काही क्षण कंप पावते, गुरुत्वीय लहरी बाहेर पडतात आणि कृष्णविवर पुन्हा शांत होते. अशा हलक्या धक्क्यांमुळे होणाऱ्या बदलांना शास्त्रज्ञ क्षोभ म्हणतात. सी. व्ही. विश्वेश्वरा या भारतीय शास्त्रज्ञाने १९७० मध्ये न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या बाबतीत हे विरत जाणारे कंपन गणिताने दाखवून दिले. थोड्याच काळात सॉल ट्युकोल्स्की यांनी फिरत्या कृष्णविवरांच्या क्षोभांचे समीकरण मांडले.

याच सुमारास, साठी ओलांडलेल्या चंद्रशेखर यांनी हा विषय हाती घेतला. १९७५ मध्ये तरुण सहकारी स्टीव्हन डेटवायलर यांच्यासह त्यांनी न फिरणाऱ्या कृष्णविवराचे सूर मोजून दाखवले. कृष्णविवराभोवतीचे अवकाश दोन तऱ्हांनी क्षुब्ध होऊ शकते. एका तऱ्हेत त्याला पीळ पडतो. दुसऱ्या तऱ्हेत ते दबते आणि ताणले जाते. दोहोंची समीकरणे वेगळी दिसतात. तरीही दोन्ही तऱ्हांचे सूर तंतोतंत सारखेच निघतात, असे आढळले. हा निव्वळ योगायोग नसून दोन्ही समीकरणांत एक छुपे नाते आहे, हे चंद्रशेखर यांनी उलगडून दाखवले. त्यानंतर फिरत्या कृष्णविवरांच्या किचकट गणितात ते अनेक वर्षे गढून गेले. याच काळात हृदयविकाराने त्यांना गाठले. शस्त्रक्रिया करावी लागली. परंतु काम थांबले नाही. ग्रंथात एका ओळीत दिलेल्या निष्कर्षामागे कधी कधी दहा, वीस किंवा पन्नास पानांची आकडेमोड असे. ती पडताळून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी त्यांनी सुमारे ६०० पाने आणि सहा वह्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवून दिल्या. १९३५ च्या सभेत त्यांना उत्तर देता आले नव्हते. या वेळी प्रत्येक पायरी कोणालाही तपासता येईल, अशी सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली.

कृष्णविवरांच्या गणितावरील त्यांचा हा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ताऱ्यांची रचना आणि उत्क्रांती यांवरील संशोधनासाठी त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक विल्यम फाउलर या अमेरिकी शास्त्रज्ञासह विभागून मिळाले. जहाजावर केलेल्या त्या गणिताला तेव्हा त्रेपन्न वर्षे झाली होती. भारत सरकारने त्यापूर्वीच, १९६८ मध्ये, त्यांना पद्मविभूषण देऊन गौरवले होते. एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने चंद्रशेखर यांनी १९८२ मध्ये केंब्रिजला व्याख्याने दिली. आपल्या काळातील श्रेष्ठ खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी एडिंग्टन यांचा गौरव केला आणि त्यांची चूकही तितक्याच स्पष्टपणे सांगितली.

शेवटच्या वर्षांत त्यांनी न्यूटन यांच्या 'प्रिन्सिपिया' या महाग्रंथाचा अभ्यास केला आणि सामान्य वाचकांसाठी त्यावर पुस्तक लिहिले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २१ ऑगस्ट रोजी शिकागो येथे चंद्रशेखर यांचे निधन झाले. अमेरिकेने १९९९ मध्ये अवकाशात सोडलेल्या क्ष-किरण दुर्बिणीला 'चंद्रा' हे नाव दिले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील सभागृहालाही त्यांचे नाव आहे.

त्यांच्या गणिताची खरी कसोटी त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या. एक अब्जाहून अधिक प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. त्यातून बनलेले नवे कृष्णविवर सेकंदाला सुमारे २५० कंपने या वेगाने क्षणभर घुमले आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागात शांत झाले. जानेवारी २०२५ मध्ये याहून कितीतरी स्पष्ट लहर टिपली गेली. तिच्यात एकाहून अधिक सूर ओळखता आले आणि ते केर यांच्या फिरत्या कृष्णविवराच्या गणिताशी जुळले.

तरीही शास्त्रज्ञांनी शोध थांबवलेला नाही. आइन्स्टाइन यांचा सिद्धान्त हाच गुरुत्वाकर्षणाविषयीचा अखेरचा शब्द आहे का, हा प्रश्न त्यांना खुणावतो. कृष्णविवराच्या गाभ्यात हा सिद्धान्त निरुत्तर होतो; पुंज सिद्धान्ताशीही त्याचा पूर्ण मेळ बसलेला नाही. म्हणून त्यात फेरबदल करणारे अनेक सिद्धान्त मांडले गेले आहेत. अशा सिद्धान्तांत कृष्णविवराचे सूर किंचित बदलतात आणि चंद्रशेखर यांनी उलगडलेले ते छुपे नाते बहुधा तुटते, म्हणजे पिळाचा सूर आणि ताणाचा सूर वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. फिरत्या कृष्णविवरांच्या बाबतीत तर हे गणित अधिकच बिकट होते, कारण आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्तात समीकरणे जशी सुटी करता येतात तशी ती येथे सहसा करता येत नाहीत. जगभरचे संशोधक आज त्यावर परिश्रम घेत आहेत. माठ विकत घेताना आपण तो बोटाने ठोकून पाहतो. बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे हे ओळखतो. कृष्णविवराचा नाद ऐकून सिद्धान्तातला तडा शोधण्याची ही रीत तशीच आहे. परंतु बद्द आवाज ओळखण्यासाठी खणखणीत आवाज कसा असतो हे आधी ठाऊक असावे लागते. तो कसा असतो, हे सांगणाऱ्यांत चंद्रशेखर अग्रभागी होते.

महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोसारखीच वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. बाराव्या वर्षापर्यंत घरीच शिकलेल्या आणि साठीनंतर पुन्हा विद्यार्थी झालेल्या चंद्रशेखर यांच्या वह्यांतील गणित तेथेही कामाला येईल. दूरच्या कृष्णविवराचा जो नाद त्या माळरानावर टिपला जाईल, तो त्या गणिताशी ताडून पाहिला जाईल.